दिल्ली मेट्रोने दिल्ली: निझामुद्दीनला उतरण्यापासून विमानतळापर्यंत

दिल्लीत हॉटेल ठरवताना बहुतेक जण आधी खोलीचं भाडं बघतात, मग नाश्ता आहे का ते विचारतात. मेट्रोने फिरायचं असेल तर त्याआधी नकाशा उघडावा. चालत दहा मिनिटांत कोणतं स्टेशन येतं आणि ते कोणत्या लाइनवर आहे, हे बघून मगच बुकिंग करावं. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी एवढ्याच टप्प्यावर सुरू झालेली ही मेट्रो आता नोएडा, गुरुग्राम, फरिदाबादपर्यंत पोचली आहे. पर्यटकाला लागणारी बहुतेक ठिकाणं मात्र दोनच लाइनींवर आहेत: व्हायोलेट आणि येलो. या दोन्हींपैकी एकीच्या जवळ मुक्काम असला की निम्मं काम झालं. दोनशे रुपये वाचवायला द्वारकेत किंवा नोएडात राहिलात, तर रोजचे दोन तास गाडीत जातात.

गाडीतून उतरल्यावर

महाराष्ट्रातून येणाऱ्या बऱ्याच गाड्या नवी दिल्लीला न जाता हजरत निझामुद्दीनलाच संपतात. मुंबईहून ऑगस्ट क्रांती आणि सीएसएमटीची राजधानी, पुण्याची दुरांतो, वास्कोहून मिरज-पुणे-मनमाडमार्गे येणारी गोवा एक्स्प्रेस, या सगळ्या तिथल्याच. या स्टेशनला दोन बाजू आहेत. मुख्य इमारतीच्या बाजूने बाहेर पडलात तर मेट्रो दिसणारच नाही. पादचारी पुलावरून सराय काले खान बाजूला उतरायचं, तिथे पिंक लाइनचं सराय काले खान-निझामुद्दीन स्टेशन आहे. तिथून कनॉट प्लेसकडे जायला फोनवरचे नकाशे अनेकदा मयूर विहार फेज-१ला बदलून ब्लू लाइनने राजीव चौक (कनॉट प्लेसचं मेट्रो स्टेशन) असा रस्ता दाखवतात. सामान असेल तर त्यापेक्षा उलट दिशेची गाडी बरी: आश्रम, विनोबापुरी, लाजपत नगर. लाजपत नगरला व्हायोलेट लाइन घ्यायची आणि जनपथला उतरायचं. जनपथ म्हणजे कनॉट प्लेसला लागूनच, आणि राजीव चौकातली गर्दी टळते.

नवी दिल्ली स्टेशनवर उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच, की मेट्रो अजमेरी गेट बाजूला, म्हणजे फलाट १६च्या बाजूला आहे. पहाडगंज फलाट १च्या बाजूला. पहाडगंजातल्या मेन बाझारच्या पश्चिम टोकाला हॉटेल असेल तर नवी दिल्लीपेक्षा ब्लू लाइनवरचं आर. के. आश्रम मार्ग स्टेशन जवळ पडतं.

सामानाचा नियम माणशी एक बॅग, जास्तीत जास्त २५ किलो. वजनकाट्यापेक्षा अडचण होते ती आकाराची: बॅग एक्स-रे यंत्रातून गेली पाहिजे. फळं कापायची सुरी, अडकित्ता, स्वयंपाकाचा चाकू या वस्तू तपासणीत अडकू शकतात. प्रवासात वापरायच्या असतील तर त्या मुक्कामीच ठेवा, रोजच्या पिशवीत नको. तपासणीला स्त्रियांची आणि पुरुषांची रांग वेगळी असते. कुटुंबासोबत असाल तर ज्याची रांग लवकर सरकते त्याने पलीकडे जाऊन सगळ्यांच्या पिशव्या ताब्यात घ्याव्यात, नाहीतर पट्ट्यावरून आलेल्या बॅगा बेवारस पडून राहतात.

कार्ड की तिकीट

२५ ऑगस्ट २०२५ पासूनचे दर असे: २ किलोमीटरपर्यंत ११ रुपये, ५ पर्यंत २१, १२ पर्यंत ३२, २१ पर्यंत ४३, ३२ पर्यंत ५४ आणि त्यापुढे ६४. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला बहुतेक टप्प्यांचे दर एक पायरी खाली येतात. विमानतळाच्या लाइनचे दर वेगळे आहेत. तीन फुटांपर्यंत उंचीच्या मुलांना तिकीट नाही. ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही. त्यासाठी खिडकीवर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

प्लास्टिकच्या टोकनांचे दिवस सरले. आता कागदी क्यूआर तिकीट मिळतं किंवा फोनवर ॲपमधून, व्हॉट्सॲपवरून काढता येतं. कागदी तिकिटाची घडी क्यूआरवरून घालू नका. चुरगळला किंवा घामाने ओला झाला की गेट वाचत नाही. हे तिकीट बाहेर पडतानाही लागतं, त्यामुळे आत शिरल्यावर ते खिशात नीट जपून ठेवा. फोनवरचं असेल तर भुयारात शिरण्याआधी उघडून ठेवा आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. काढलेल्या स्टेशनच्या पुढे गेलात तर गेट उघडणार नाही. घाबरायचं कारण नाही, गेटजवळच्या ग्राहक सेवा खिडकीवर फरक भरला की सोडतात. आत थांबायला वेळेची मर्यादा आहे, म्हणून फलाटावर बसून जेवणाची वेळ होण्याची वाट बघू नये.

तीन-चार दिवसांसाठी मेट्रोचं स्वतःचं स्मार्ट कार्ड सगळ्यात सोयीचं. प्रत्येक फेरीला १० टक्के सवलत मिळते. गर्दी नसलेल्या वेळी, म्हणजे सकाळी ८ पर्यंत, दुपारी १२ ते ५ आणि रात्री ९ नंतर प्रवेश केलात तर आणखी १० टक्के. एका कार्डावर एकच माणूस. नवरा आत गेला आणि त्याने गेटवरून बायकोला कार्ड दिलं, असं चालत नाही. ते कार्ड आत गेलेलं म्हणून नोंदलेलं असतं. चौघांना चार कार्डं लागतात. शिल्लक ५० रुपयांच्या खाली जाऊ देऊ नका.

पर्यटकांसाठीचं खास कार्ड मात्र घ्यावंच असं नाही. एक दिवसाचं २०० रुपयांना, तीन दिवसांचं ५०० रुपयांना, त्यातले ५० कार्ड परत केल्यावर मिळतात. म्हणजे दिवसाला १५० रुपये. साध्या स्मार्ट कार्डावर ३२ रुपयांची फेरी २८ रुपये ८० पैशांना पडते. दिवसात सहा अशा फेऱ्या केल्या तरच खास कार्ड परवडतं. किल्ला, मशीद, कबर बघत फिरणाऱ्या कुटुंबाच्या तीन-चार फेऱ्या होतात, त्याहून जास्त पायांना झेपत नाहीत. शिवाय ते कार्ड विमानतळाच्या लाइनवर चालत नाही.

पुणे मेट्रोचं ‘एक पुणे’ किंवा मुंबईचं ‘मुंबई १’ कार्ड जवळ असेल तर नवं काही घ्यायचीच गरज नाही. ही दोन्ही एनसीएमसी, म्हणजे देशभरातल्या वाहतुकीसाठीची सामायिक कार्डं आहेत आणि दिल्लीच्या गेटवर चालतात. फक्त एक पायरी चुकवू नका. ॲपवरून भरलेले पैसे लगेच कार्डाच्या चिपवर येत नाहीत, ते स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड टेकवून चढवावे लागतात. घरून हजार रुपये भरून आलेल्याचं कार्ड गेटवर शिल्लक शून्य दाखवतं ते यामुळेच.

गाडी बदलताना

पाटीवर लाइनच्या रंगासोबत शेवटच्या स्टेशनचं नाव असतं, आणि ते वाचल्याशिवाय गाडीत चढू नये. ब्लू लाइन यमुना बँकला फुटते: एक फाटा नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीकडे, दुसरा वैशालीकडे. अक्षरधाम नोएडाच्या फाट्यावर आहे, आनंद विहार टर्मिनस वैशालीच्या. चुकीच्या गाडीत बसलात तर यमुना बँकला उतरून गाडी बदला, तिथपर्यंत रस्ता एकच आहे. येलो लाइनवरच्या काही गाड्या शेवटपर्यंत जात नाहीत, कुतुब मिनार किंवा विश्वविद्यालयला संपतात. गुरुग्रामला जायचं असेल तर फलाटावरचा फलक बघा.

राजीव चौक संध्याकाळी साडेपाच ते आठ शक्यतो टाळावा. मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर नक्कीच. आणि टाळता येतो! येलोवरून व्हायोलेटवर जायचं तर केंद्रीय सचिवालयला बदला, ब्लूवरून व्हायोलेटवर जायचं तर मंडी हाउसला. अक्षरधामहून लाल किल्ल्याला जाणाऱ्याने राजीव चौकात पाऊलही ठेवायची गरज नाही. मंडी हाउसला बदलून दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किला. मोठ्या स्टेशनांत जमिनीवर लाइनच्या रंगाची पावलं काढलेली असतात. पाट्या शोधण्यापेक्षा खाली बघत त्या पावलांवरून चालणं सोपं.

पहिला डबा, म्हणजे गाडी ज्या दिशेने जाते त्या टोकाचा, साधारणपणे स्त्रियांसाठी राखीव असतो. फलाटावर त्या जागी गुलाबी खूण असते. घाईत त्यात शिरलेल्या पुरुषाला दंड होतो. गाडीत खाणं मना आहे, डब्यातला चिवडा बाहेर पडल्यावरच उघडा. जमिनीवर बसलात तरी दंड आहे, आणि दमलेल्या पर्यटकाकडून नेमकं तेच होतं.

व्हायोलेट लाइनचा दिवस

एकच पूर्ण दिवस असेल तर तो या लाइनला द्या. लाल किला, जामा मशीद, दिल्ली गेट हा जुन्या दिल्लीतला टप्पा २८ मे २०१७ रोजी सुरू झाला, आणि तेव्हापासून चांदनी चौकातल्या गर्दीतून लाल किल्ल्यापर्यंत रिक्षा करायची गरज उरली नाही. सकाळी लाल किला स्टेशनला उतरा. किल्ला पाहून जामा मशिदीला चालतच जा. एका स्टेशनसाठी पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. शुक्रवारी दुपारी मशिदीत नमाजाची मोठी गर्दी असते, त्या वेळी जाऊ नये. राजघाटाला दिल्ली गेट जवळचं, तरी तिथून दीड किलोमीटर ऑटो करावी लागते. दुपारी केंद्रीय सचिवालय: कर्तव्य पथ, राष्ट्रपती भवनाचा परिसर. इंडिया गेट तिथून सुमारे दोन किलोमीटर आहे, हिवाळ्यात चालायला सुंदर, मे महिन्यात अजिबात नाही. संध्याकाळकडे कालकाजी मंदिर स्टेशन, तिथून कमळ मंदिर चालत. लाल किल्ला, कमळ मंदिर आणि अक्षरधाम तिन्ही सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार येलो लाइनला ठेवा.

येलो लाइनवर स्टेशनच्या नावावर विसंबून फसगत होते ती कुतुब मिनारला. स्टेशनपासून मिनार दीड-दोन किलोमीटर लांब आहे. उतरल्यावर ऑटो किंवा ई-रिक्षा करावीच लागते, भाडं बसण्याआधी ठरवा. हौज खास तलाव आणि गावासाठी हौज खासपेक्षा ग्रीन पार्क स्टेशन जवळचं. याउलट आयएनए: बाहेर पडलं की दिल्ली हाट हा हस्तकलेचा बाजार समोरच. लोधी गार्डन आणि सफदरजंग मकबऱ्याला जोर बाग. हुमायूनच्या मकबऱ्याला मेट्रो जवळ नाही. व्हायोलेटवरच्या जेएलएन स्टेडियमहून ऑटो बरी.

गेट क्रमांकाकडे दुर्लक्ष करू नका. फलाटावरून वर आल्यावर तिकीट गेटच्या आधी मोठा फलक असतो, कोणत्या गेटबाहेर काय आहे त्याचा. चुकीच्या गेटने बाहेर पडलात की मध्ये सहापदरी रस्ता येतो. लिफ्ट प्रत्येक स्टेशनला आहे, पण सगळ्या गेटना नाही. गुडघेदुखीवाल्यांनी फलाटावरच लिफ्टचं चिन्ह शोधावं.

अक्षरधामला फोन, कॅमेरा, पिशव्या आत नेता येत नाहीत. त्या दिवशी कागदी तिकीट किंवा कार्ड वापरा, कारण फोन मुक्कामी ठेवून आलात तर त्यावरच्या परतीच्या तिकिटाचा उपयोग नाही.

परतताना

विमानाच्या तिकिटावर टर्मिनल कोणतं ते आदल्या रात्री पुन्हा तपासा. टर्मिनल १ आणि ३ यांना जोडणारी सरळ मेट्रो नाही. टर्मिनल १ मॅजेंटा लाइनवर आहे, हौज खासला येलोवरून बदललं की सहावं स्टेशन. टर्मिनल ३ आणि त्याच्या शेजारचं २ यांच्यासाठी एअरपोर्ट एक्स्प्रेस. नवी दिल्लीहून साधारण वीस मिनिटं. येलो लाइनवरून नवी दिल्लीला उतरलात तर एका गेटने बाहेर पडून दुसऱ्याने पुन्हा आत, पुन्हा तपासणी, पुन्हा सरकते जिने, म्हणून सामानासकट पंधरा मिनिटं जास्त धरा. पिंक लाइनवरून येणाऱ्यांना दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पसहून एअरपोर्ट एक्स्प्रेसवरच्या धौला कुआँला जाता येतं, पण मधला पूल एक किलोमीटरहून लांब आहे. सरकते पट्टे आहेत, तरी चाकांची बॅग हवी. (दुर्गाबाई म्हणजे रायगडच्या सी. डी. देशमुखांच्या पत्नी आणि घटना समितीच्या सदस्य. मराठी प्रवाशाने पाटी वाचून नुसतं पुढे जाऊ नये.)

एअरपोर्ट एक्स्प्रेस पहाटे पावणेपाचच्या सुमारास सुरू होते, बाकीच्या लाइनी त्यानंतर, आणि रविवारी काही लाइनींची पहिली गाडी आणखी उशिरा सुटते. सकाळी सहा-सातचं विमान असेल तर टॅक्सीच करा. धुळवडीला मेट्रो दुपारी अडीचपर्यंत बंद असते, दिवाळीच्या रात्री शेवटची गाडी दहाच्या सुमारास सुटते, आणि २६ जानेवारीच्या सकाळी संचलनाजवळच्या काही स्टेशनांवर ये-जा करण्यावर निर्बंध असू शकतात. या दिवसांत परतीचं विमान किंवा गाडी असेल तर मेट्रोवर अवलंबून राहू नका.