लॅम्प्रीच्या मागावर: रॉजर्स सिटी ते सू सेंट मरी

डेट्रॉइटजवळ लेकीकडे आलेल्या आईवडिलांना सगळे नायगाराला नेतात. यंदा जूनमध्ये मी जावयांना म्हटलं, मला उत्तरेला ह्युरन सरोवराच्या काठाने न्या. मी मासे खाणाऱ्या घरातली. एका माशाने इथली मासेमारी बुडवली आणि दोन देश मिळून त्याच्या मागे लागले, हे ऐकल्यापासून ती जागा बघायची होती.

हा मासा म्हणजे समुद्री लॅम्प्री. अंग वामीसारखं लांब, पण जबडा नाही, नुसती गोल चकती आणि तिच्यात दातांची वर्तुळं. तिने ती दुसऱ्या माशांना चिकटते आणि त्यांचं रक्त शोषते. चार तासांनी रॉजर्स सिटीला पोचलो. तिथल्या धक्क्यावर एका वयस्क गृहस्थांनी आपण पकडलेला 'लेक ट्राउट' जातीचा मासा कुशीवर वळवून दाखवला. लॅम्प्री चिकटल्याचा पाच रुपयांच्या नाण्याएवढा गोल व्रण होता, भरून आलेला. हा वाचला होता. बहुतेकांचं तसं होत नाही, कारण लॅम्प्री रक्त गोठूच देत नाही. एकेक लॅम्प्री 18 किलोपर्यंत मासे मारते.

लॅम्प्री मूळची अटलांटिकची. नायगाराच्या धबधब्यामुळे तिला वरच्या सरोवरांत जाता येत नव्हतं. धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याने ती वाट करून दिली. 1921 मध्ये ती ईरी सरोवरात सापडली आणि 1938 पर्यंत थेट सुपीरियर सरोवरामध्ये. वरच्या सरोवरांतून वर्षाला दीड कोटी पौंड ट्राउट निघायचा, तो 1960 च्या सुमारास तीन लाखांवर आला. अमेरिका आणि कॅनडाने 1954 मध्ये करार केला आणि या मोठ्या सरोवरांतल्या मासेमारीसाठी ग्रेट लेक्स फिशरी कमिशन हा दोघांचा आयोग उभा राहिला.

औषध सापडलं ते रॉजर्स सिटीच्या वायव्येला, हॅमंड बे केंद्रात. जवळपास 6,000 रसायनं एकेक करून तपासली, तेव्हा टीएफएम हे लॅम्प्री मारणारं औषध हाती लागलं. लॅम्प्रीची पिल्लं ओढ्यांच्या गाळात काही वर्षं पुरून राहतात, हे औषध त्यांना तिथेच गाठतं. इतर बहुतेक मासे ते पचवतात, लॅम्प्रीला ते जमत नाही. हे संशोधन केंद्र आहे, सहलीचं ठिकाण नाही, तेव्हा परवानगीशिवाय आत शिरू नका.

जवळच ऑकिऑक नदीचा धबधबा आहे. पायवाट सोपी आहे, माझ्या गुडघ्यांनीही कुरकुर केली नाही. मात्र डासांचं औषध आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. वाटेत कुठल्या नदीवर औषध सोडल्याची सूचना दिसली तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. गळाला लागलेल्या माशाला लॅम्प्री चिकटलेली असली, तर तिला परत पाण्यात सोडायचं नाही, मारून कचऱ्यात टाकायची.

दुसऱ्या दिवशी मॅकिनॉ पूल ओलांडून सू सेंट मरीला गेलो. "आई, पासपोर्ट घेतलात ना?" जावयांनी तीनदा विचारलं, आणि बरोबरच होतं. याच नावाचं शहर नदीपलीकडे कॅनडातही आहे, लॅम्प्रीवरचं कॅनडाचं केंद्र तिथेच आहे. भारतीय पासपोर्टवर जायचं तर व्हिसाचं सगळं आधी बघून ठेवा. मी अमेरिकेच्या बाजूलाच थांबले. जहाजांना पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली नेणारे 'लॉक' (दारं असलेले हौद) पाहायला पैसे पडत नाहीत, तासभर सहज जातो.

एवढं करून लॅम्प्री संपलेली नाही. संख्या 90 टक्क्यांनी घटली, पण 2020 आणि 2021 मध्ये कोविडमुळे औषध सोडणारी पथकं कमी नद्यांवर पोचली आणि लॅम्प्री लगेच वाढली. म्हणजे दरवर्षी, न चुकता, दोन्ही देशांची माणसं नद्यांत उतरायलाच हवीत. त्याचं फळही आहे. 2024 मध्ये सुपीरियर सरोवराच्या बहुतेक भागात ट्राउट पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं. मला ते वाचून फार बरं वाटलं.

रात्री गावात व्हाइटफिश खाल्ला. तळलेला नको, भाजलेला मागा, आणि पर्समध्ये घरचं तिखट ठेवा.