चार कॅलिपर, त्यातले तीन बंद

तक्रार अशी होती की नवा रोल लावला की तो अर्धा होईपर्यंत फिल्मचं टेन्शन, म्हणजे ताण, हेलकावे खातं आणि जळका वास येतो. कंट्रोलवाल्यांनी आधी टेन्शन मोजणारा लोडसेल बदलला, मग ब्रेकच्या हवेचा दाब कमीजास्त करणारा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह, मग प्रोग्रॅममधले आकडे. ब्रेक उघडायची पाळी शेवटी येते, कारण तिथं हात काळे होतात.

अनवाइंडरचा, म्हणजे रोल उलगडणाऱ्या भागाचा, तो एअर ब्रेक मीच निवडला होता. टेन्शन 300 न्यूटन. रोल भरलेला असताना व्यास 1000 मिमी, म्हणजे टॉर्क 150 न्यूटन-मीटर. शेवटी, मधल्या कोअरच्या नळीजवळ, 100 मिमी, म्हणजे फक्त 15. इमर्जन्सीत भरलेला रोल झटकन थांबायला हवा म्हणून चार कॅलिपर, म्हणजे हवेच्या दाबाने डिस्कवर पॅड आवळणारे चिमटे, दिले. तिथंच गोम होती. चारही चालू असले की भरलेल्या रोलला जेमतेम 1.2 बार लागतात आणि शेवटी 0.12. एवढ्या कमी दाबाला व्हॉल्व्ह आणि सिलिंडर दोघंही दाद देत नाहीत.

पॅड काढले. एकाच कॅलिपरचे पॅड काचेसारखे चकचकीत, बाकी तिघांचे जवळजवळ कोरे.

ऑपरेटर शांतपणे म्हणाला, “साहेब, चारही ठेवले तर शेवटी रोल मोकाट सुटतो. म्हणून तिघांच्या हवेचे कॉक बंद करतो.”

त्याचं गणित बरोबर होतं! एका कॅलिपरवर दाब 4.8 ते 0.48 बार, म्हणजे अगदी आटोक्यात. पण मिनिटाला 300 मीटर वेगाने 300 न्यूटन म्हणजे दीड किलोवॅट उष्णता, रोल मोठा असो वा लहान, आणि ती सगळी पॅडच्या एकाच जोडीवर. डिस्क स्वतःच्या फिरण्याने हवा ओढून थंड होते, पण भरलेला रोल मिनिटाला जेमतेम 95 फेरे घेतो. त्या गतीला कसला वारा? मी उष्णतेची क्षमता पाहिली होती कॅटलॉगमधल्या 1000 फेऱ्यांच्या आकड्यावरून. वेगळा ब्लोअर ‘ऐच्छिक’ म्हणून मीच खोडला होता.

आता दोन कॅलिपर नेहमी चालतात, त्यात निम्म्या घर्षणाचे पॅड. दाब तोच, उष्णता दोन जोड्यांत वाटली जाते. उरलेले दोन इमर्जन्सीलाच लागतात. थांबायचं अंतर पुन्हा काढलं, ते बसलं. ब्लोअरही आला. टेन्शनचा आलेख सरळ झाला, सगळे खूश.

मला मात्र एक गोष्ट सोडत नाही. ते तीन कॉक बंद होते तेवढे सगळे दिवस इमर्जन्सी स्टॉपलाही एकच कॅलिपर होता, तोही चकाकलेल्या, पकड गेलेल्या पॅडचा. लाल बटण दाबायची वेळ आली नाही, एवढंच. आणि ते कॉक माझ्याच ड्रॉइंगमध्ये होते, ‘मेंटेनन्ससाठी’. ते नसते तर मशीन पहिल्याच आठवड्यात बंद पडलं असतं आणि चूक तेव्हाच कळली असती. पुढच्या मशीनचं ड्रॉइंग समोर उघडं आहे. कॉक दोनदा खोडले, दोनदा परत काढले.