गोळी संपली, म्हणून बंद केली

अकरा वर्षं मला मधुमेह आहे. साखरेची गोळी मी एक दिवसही चुकवली नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) सातच्या आत असायची आणि मला वाटायचं, आपलं सगळं व्यवस्थित चाललंय.

मी भांडुपला राहते, दादरला एका पोळीभाजी केंद्रात कामाला जाते. गेल्या पावसाळ्यात दादरचा पूल चढताना मधेच कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. दम लागायचा, घाम फुटायचा, जबडा जड व्हायचा. छातीत मात्र दुखत नव्हतं, म्हणून पित्त समजून दोन महिने ओवा चावत काढले.

शेवटी मुलगी पालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेली. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाल्या, "काकू, मागे कधी अटॅक येऊन गेलाय का?" मी नाही म्हटलं. टूडी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचा एक भाग नीट हलत नव्हता. अटॅक येऊन गेला होता, आणि मला पत्ता नव्हता! पायांना माझ्या किती वर्षं मुंग्या येतात. तशाच हृदयाकडच्या नसाही मधुमेहाने बधिर होतात, मग दुखणं कळत नाही, नुसता दम आणि थकवा, असं त्यांनी समजावलं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी माझी फाइल उघडली. तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ही कोलेस्टेरॉलची गोळी कधी बंद केली?" मी सांगितलं, तीस गोळ्या संपल्या, पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, म्हणून परत आणलीच नाही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, ते गोळीमुळे नॉर्मल आलं होतं." तापाची गोळी ताप उतरला की थांबवतो, तशीच मी ही थांबवली होती. चालू ठेवायची, असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

नंतरच्या एका रिपोर्टवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ होतं. अबनॉर्मल आकड्यापुढे लॅबवाले चांदणी छापतात, तशी तिथे नव्हती, म्हणून मी पुढे वाचलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, लॅबचा तक्ता सगळ्यांसाठी असतो. इतक्या वर्षांचा मधुमेह असेल तर एलडीएल ७०च्या आत हवं आणि आता, अटॅक येऊन गेल्यावर, ५५च्या आत. त्यांनी पेनने ११८भोवती गोल केला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का ते बघायची तपासणी, मनगटातून झाली. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, त्यावरून किडनी कशी चाललीय ते कळतं, कारण रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून आत सोडतात त्या डायचा किडनीवर ताण येऊ शकतो. मेटफॉर्मिन, म्हणजे माझी साखरेची गोळी, घ्यायची का, हे मी स्वतः विचारलं. मला दोन दिवस बंद ठेवायला सांगितली. एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, ती उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसवला. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला. केशरी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्याच्या, खिडकीशी दोनदा जावं लागलं, कारण रेशनकार्डावर माझं नाव एक आणि आधारवर दुसरं. ते आधीच जुळवून घ्या, माणूस आत झोपलेलं असताना ती धावपळ फार जड जाते.

मग डिस्चार्जच्या वेळी मी उठायलाच तयार नव्हते. एकेक गोळी हातात धरून विचारलं: ही कशासाठी, किती दिवस, संपली तर काय? रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आहेत, त्या वर्षभर आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत, दात काढायचा झाला तरी आधी विचारायचं. कोलेस्टेरॉलची गोळी कायम. बीपी १३०/८०च्या आत. लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तपासायची, ती तर माझी कधी झालीच नव्हती. हे सगळं मुलीने भिंतीवरच्या कालनिर्णयावर मराठीत लिहून दिलंय, बीपीचा आकडा मी त्या त्या तारखेच्या चौकोनात टाकते.

परवा मुलुंडच्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांनाही मधुमेह आहे. म्हणाल्या, "माझी साखर छान आली बघ." मी विचारलं, "आणि एलडीएल?" त्या गप्प झाल्या. रविवारी त्यांची फाइल बघायला जाते आहे.