पाळी, नमाज आणि बोरीचा पाला

“भाभी, तुमच्यातबी विटाळ पाळतात का वो?” बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न चहाबरोबर येतोच. शाळेतल्या मॅडम तोच प्रश्न जरा सावरून विचारतात: नमाजला मनाई, म्हणजे शेवटी तेच ना? भाची तर थेट माझ्यावरच येते: खाला, त्या दिवसांत अल्लासमोर उभं राहायला मी चालत का नाही? तिघींना आजवर वेगवेगळी उत्तरं दिली. आता एकदाच लिहून टाकते.

नमाज त्या दिवसांत माफ, आणि नंतर भरूनही काढायची नाही. रोजे मात्र रमजाननंतर फेडायचे. असं का, हे मुआजा नावाच्या बाईने पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांना विचारलं होतं. आयेशांनी आधी तिलाच विचारलं, तू हरूरी आहेस का? हरूरी म्हणजे खारिजी, त्या काळचे अतिकर्मठ. मग म्हणाल्या, आम्हाला रोजे फेडायला सांगितलं जायचं, नमाज नाही. कारण काही दिलं नाही. ते पुढे फिकहवाल्यांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनी शोधलं: रोजे वर्षातून एकदा येतात, नमाज दिवसातून पाचदा, दर महिन्याची एवढी थकबाकी बाईच्या डोक्यावर कशाला? सोसायटीच्या थकबाकीखाली वाकलेल्या गावातली मी, मला हे लगेच पटतं.

पण विटाळ नाही, हे मी ठासून सांगते. आयेशा पाळीत असताना पैगंबर त्यांच्या मांडीवर टेकून कुरआन पढत. आयेशांनी भांड्याला जिथे ओठ लावले तिथेच ओठ लावून पीत. एकदा पैगंबरांनी मशिदीतली चटई मागितली. आयेशा म्हणाल्या, मी पाळीत आहे. ते म्हणाले, तुझी पाळी तुझ्या हातात नाही. आमच्या घरी चूल, पाणी, अंथरूण, कशालाच मनाई नव्हती. लोणच्याच्या बरणीला तेवढी अम्मी हात लावू देत नसे. ते शेजारच्या काकूंकडून आलं असावं.

कॉलेजात मी याला ‘सुट्टी’ म्हणायची आणि मैत्रिणींपुढे मिरवायची. आता त्या मुलीला विचारावंसं वाटतं, बाई, सुट्टी नको म्हणता येते ना? ही येत नाही. त्या दिवसांत नमाज पढलीस तर गुनाह.

अम्मी गेली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. मय्यतीच्या आंघोळीला, म्हणजे गुस्लला, बोरीचा पाला लागतो. तो आणायला मीच विळा घेऊन धुऱ्यावर गेले, हात ओरबाडून घेऊन आले. आमचा खारपाणपट्टा, दर्यापूरच्या बाजूचा. विहिरीचं पाणी जिभेला लावलं तरी कळतं. म्हणून प्यायचं गोडं पाणी गुंडात ओतलं, पाला टाकला, चूल पेटवली. अंगणात चादरी बांधल्या होत्या. सगळं गाव जिला खाला म्हणतं, ती बाई आत होती. मी गुंड घेऊन चादरीपाशी गेले, तर तिने हळूच विचारलं, “पाकी में है ना, बेटा?”

मी नाही म्हणाले.

“तो बाहर ठैर.”

मी चटईची गोष्ट सांगितली. तिथेच, गुंड कडेवर धरून. ती म्हणाली, “वो चटाई थी, बेटा. ये मय्यत है.”

आतून पाण्याचा आवाज येत होता. दाहिना बाजू पहले, असं खाला कुणाला तरी सांगत होती. मी बाहेर दरूद, पैगंबरांवरची सलामी, पढत बसले. दरूदला, दुआला मनाई नसते. अम्मीची डाव्या हातातली बांगडी निघेना. आतून साबण मागितला. चादरीच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि माझ्या हातातून साबण घेऊन गेला.

नंतर किताबं पाहिली. हनफी पंथाचा मसला, धर्मनियम, असा की पाळीतल्या बाईने मय्यतीला गुस्ल देणं मकरूह, म्हणजे नापसंत. हराम नाही; दिला तर गुस्ल होतो. म्हणजे खाला किताबाबाहेर गेली नव्हती. हेच मला जास्त लागलं.

मॅडम म्हणतील, झालं की मग, विटाळच. थांबा. हनफी हिशोबाने पाळी जास्तीत जास्त दहा दिवसांची. त्यापुढे वाहिलं तर तो इस्तिहाजा, आजार. तेव्हा दर नमाजच्या वेळेला वुजू करायचा, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायचे, आणि पढायचं. रक्त तेच असतं. सगळी अडचण रक्ताचीच असती, तर अकराव्या दिवशी नमाज फर्ज, म्हणजे बंधनकारक, कशी झाली असती? आणि त्या दिवशी चादरींमागून निघालेल्या सगळ्या बायांनी मला कवेत घेतलं, एकीनेही अंग चोरलं नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसवलेल्या सुनेला तुम्ही असं जवळ घेता का? हे तोंडावर येतं, पण गिळते. तुम्हीही त्याला वैतागलेल्याच असता.

चटईची गोष्ट पाठ असूनही चादरीपाशी मला त्यापुढे काही म्हणता आलं नाही. आजही भाचीला ‘हुकूम आहे’ यापलीकडचं उत्तर देता येत नाही, आणि ती तेवढ्यावर गप्प बसत नाही.

खालाचे आता गुडघे गेलेत. गावात गुस्ल द्यायला मलाच बोलावतात. गेल्या पावसाळ्यात एका म्हातारीची लेक अशीच चादरीपाशी येऊन उभी राहिली. मी काही न विचारता तिच्या हातात तांब्या दिला. संध्याकाळी खालाने निरोप पाठवून विचारलं, पोरीला विचारलं होतंस ना? मी हो म्हणून कळवलं.