हाताला न लागणारं काढायचं कसं?

माझ्या स्तनात जे सापडलं होतं, ते कुणाच्याच हाताला लागत नव्हतं. मी आरशासमोर उभी राहून चाचपून पाहिलं, सर्जनबाईंनी बसवून आणि आडवं करून तपासलं, काहीच नाही. दिसत होतं ते फक्त मॅमोग्रामवर, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेवर. डाव्या बाजूला, काखेच्या दिशेला, पांढऱ्या ठिपक्यांचा एक पुंजका. कॅल्शिअमचे कण, एकेक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. बायोप्सीत डीसीआयएस निघालं, म्हणजे दुधाच्या नळ्यांच्या आतच असलेला, नळीची भिंत अजून न ओलांडलेला कॅन्सर. ऑपरेशन लहान आहे, स्तन राहणार आहे, असं सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, दिसत नाही, लागत नाही, मग कापणार कुठे?

"त्याच दिवशी सकाळी रेडिओलॉजिस्ट वायर घालतील," बाई म्हणाल्या.

वायर हा शब्द ऐकून पोटात गोळाच आला. मी म्हटलं, वरून पेनानं खूण केली तर नाही का चालणार? त्यावर त्यांनी जे समजावलं, त्यानं मला हा सगळा खटाटोप पटला. मॅमोग्राम काढताना स्तन दोन प्लेटांमध्ये दाबून चपटा केलेला असतो. ऑपरेशनच्या टेबलावर आपण उताणे असतो, हात बाजूला पसरलेला, आणि स्तन बगलेकडे ओघळतो. फोटोत अमुक ठिकाणी दिसलेली जागा टेबलावर तिथे नसतेच, काही सेंटिमीटर इकडेतिकडे गेलेली असते. कातडीवरची खूण कातडीबरोबर सरकते आणि आतली जागा तिच्या मनानं. त्यामुळे आतच काहीतरी अडकवून ठेवावं लागतं, जे त्या जागेबरोबर हलेल. ती बारीक तार त्यासाठीच.

माझ्या आत आधीच एक वस्तू होती. बायोप्सीच्या वेळी टायटेनियमची एक बारीकशी क्लिप सोडली होती, पुढे जागा ओळखता यावी म्हणून. मग तिचाच नेम धरायचा की! पण तिथेही भानगड होती. बायोप्सी दाबलेल्या स्तनात होते. क्लिप सोडल्यावर दाब काढला, की हार्मोनियमचा भाता सुटावा तसा स्तन फुलतो आणि क्लिप सुईच्या वाटेनं पुढे किंवा मागे घरंगळू शकते. माझी तशीच सरकली होती. उरलेले कण एकीकडे, क्लिप त्यांच्यापासून साधारण सेंटिमीटरभर पलीकडे. रेडिओलॉजिस्टनी जुने आणि नवे फोटो शेजारी लावून हे मला स्क्रीनवर दाखवलं. नेम कणांवर धरायचा आणि क्लिपही काढलेल्या तुकड्यात यायला हवी, असं ठरलं. क्लिप घातली आहे म्हणजे जागा पक्की, असं मी धरून चालले होते. ती बायोप्सीनंतरच्या फोटोत कुठे दिसते हे विचारायला हवं, हे कळलं तेव्हा मला जरा धक्काच बसला.

सोनोग्राफीवर दिसत असतं तर काम सोपं होतं. आडवं पडून, बघत बघत तार घालतात. पण असे कण सोनोग्राफीवर बहुतेक वेळा दिसत नाहीत, माझेही दिसले नाहीत. म्हणजे मॅमोग्रामच्या मशीनवर बसूनच.

तारेऐवजी दुसरे पर्यायही आहेत. तार १९७०च्या दशकापासून वापरात आहे. मिलानच्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीत १९९६ साली किरणोत्सारी द्रव्याचा थेंब त्या जागी सोडून तो किरणं टिपणाऱ्या गॅमा प्रोबनं शोधायची पद्धत सुरू झाली. मग किरणोत्सारी आयोडीन-१२५ची बी आली, टायटेनियमच्या कवचातली, तांदळाच्या दाण्याहून लहान, तिचं अर्धआयुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ६० दिवस. अलीकडे किरणोत्सार नसलेली साधनं आहेत: चुंबकीय बी, रडारला उत्तर देणारा रिफ्लेक्टर, रेडिओ टॅग. यांचा खरा फायदा वेळेचा. ती काही दिवस आधी घालून ठेवता येतात. तार मात्र त्याच दिवशी, कारण तिचं एक टोक बाहेर लोंबत असतं. अर्थात प्रत्येकाची काही ना काही अट असतेच. चुंबकीय बी शोधताना जवळची लोखंडी अवजारं बाजूला करावी लागतात, आणि तिच्यामुळे एमआरआयच्या चित्रात मोठा काळा डाग येतो. आमच्या इथे तारच होती, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट दोघांचाही हात तिच्यावर बसलेला. मला ते पुरेसं वाटलं.

त्या दिवशी पावडर, डिओडरंट काही लावायचं नव्हतं. डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम फोटोत कॅल्शिअमसारखंच पांढरं दिसतं. पोट रिकामं, कारण नंतर भूल. बसवल्यावर टेक्निशियननी स्तन दाबला. वरच्या प्लेटला एक चौकोनी खिडकी होती, तिच्या एका कडेला अक्षरं, दुसऱ्या कडेला आकडे. फोटो काढला, आणि कण कुठल्या अक्षराखाली, कुठल्या आकड्यासमोर आहेत ते रेडिओलॉजिस्टनी पाहिलं. तोवर मी दाबलेलीच. "ताई, मान पलीकडे करा आणि फक्त श्वास घ्या," असं टेक्निशियन सांगत होत्या. मी मान थोडीशीच वळवली.

मशीनच्या दिव्यातून कातडीवर फुलीची सावली पडली होती. बधिर करायचं इंजेक्शन आत जाताना चरचरलं, तेवढंच काय ते दुखलं. मग लांब सुई फुलीच्या मधोमध. सुईच्या मागच्या जाड भागाची सावली थेट तिच्या टोकावर पडली, की सुई सरळ, तिरपी गेली की सावली बाजूला पडते. डॉक्टर त्या सावलीकडे बघत बोटांनी सुई किंचित किंचित सावरत होते.

इथपर्यंत फक्त वरून बघितलेली जागा कळली होती. खोली कळायला दाब सोडून बाजूनं दाबावं लागतं आणि काटकोनातला दुसरा फोटो काढावा लागतो. सुई आत असताना हे करायचं! माझी भीती नेमकी या टप्प्याची होती. दुखलं नाही, पण डोळ्यांपुढे काळोख आला, कान बंद झाल्यासारखे झाले. मी लगेच "चक्कर येतेय" म्हणाले. पाठीमागे एक नर्स उभीच होती, तिनं खुर्ची मागे कलवली, कपाळावर ओला रुमाल ठेवला. उपाशीपोटी, ताठ बसून, सुई टोचलेली, त्यात रक्तदाब असा खाली येणं नेहमीचंच आहे म्हणे. पाच-दहा मिनिटांत पुढे सुरू झालं.

सुई थोडी खोल गेली होती, डॉक्टरांनी ती मागे ओढली. मग तिच्यातून तार पुढे सरकवली. तारेच्या टोकाला हुक असतो, सुईच्या आत असताना तो मिटलेला असतो, बाहेर आला की उघडून मांसात रुततो. सुई काढून घेतली, तार राहिली. शेवटचे दोन फोटो सर्जनसाठी, आणि त्यांच्यावर हातानं लिहिलेलं, कण हुकपासून किती अंतरावर, कुठल्या दिशेला.

बाहेरचं टोक वेटोळं करून कापसाखाली चिकटवलं आणि वर प्लास्टिकचा कप उपडा घालून पट्टी मारली. डावा हात वर करू नका, कपडे ओढू नका, कारण तार सरकू शकते. यानंतरची वाट बघणं मला सुईपेक्षा जड गेलं. आधीची केस लांबली, ओटीतून बोलावणं येईना, तहान लागलेली, आणि छातीवर तो कप. कुणी येऊन 'अजून दोन तास' एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तार घातलेल्या बाईला यादीत पहिली घेणं हॉस्पिटलला इतकं अवघड असू नये, असं माझं अजूनही मत आहे.

ऑपरेशनचं मला अर्थातच नंतर कळलं. तार कातडीत जिथून शिरली होती तिथे बाईंनी कापलंच नाही. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेनं छेद घेऊन आतून तारेपर्यंत पोचल्या, व्रण झाकला जावा म्हणून. काढलेल्या तुकड्याला दिशा कळाव्यात म्हणून आखूड-लांब दोऱ्यांचे टाके घातले आणि मी भुलीत असतानाच त्याचा एक्स-रे काढला. हुक, कण, क्लिप, तिन्ही आत दिसले, पण कण एका कडेच्या जवळ होते, म्हणून त्या बाजूची आणखी एक चकती काढली.

ती चकती कामी आली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये सगळ्या कडा मोकळ्या होत्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कुठे कॅन्सर नव्हता. रेडिएशन होणार असेल तर डीसीआयएससाठी २ मिलिमीटरची मोकळी कड पुरेशी मानतात, २०१६च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा आहे. चकती घेतली नसती तर त्या बाजूला एवढीही उरली नसती आणि पुन्हा टेबलावर जावं लागलं असतं. जखम भरल्यावर त्याच बाजूचा आणखी एक मॅमोग्राम काढला, कण कुठे मागे राहिलेत का ते बघायला. राहिले नव्हते. मग रेडिएशनची तारीख मिळाली.