वेशींच्या आतले सोलापूर

सोलापूरला आलेला पाहुणा सिद्धेश्वराचे दर्शन घेतो, एखादी चादर खरेदी करतो आणि तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरच्या वाटेला लागतो, याची मला नेहमी हळहळ वाटते. हे गाव घडवले ते कष्टकऱ्यांनी, आणि त्यांच्या कष्टांची चव व वीण जुन्या पेठांतून पायी फिरल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात सकाळी भुईकोट किल्ल्यापासून करावी. बहमनी काळातील या किल्ल्याच्या दुहेरी तटबंदीला लागूनच सिद्धेश्वर तलाव आहे, आणि बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या कार्याशी जोडलेले मंदिर त्याच पाण्यात उभे आहे. जवळच्या चौकात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. तेथे क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नवी पेठ मी झटकन ओलांडतो, कारण तयार कपड्यांची आणि चपलांची अशी दुकाने कोणत्याही शहरात मिळतात. मधला मारुती आला की मात्र पावले मंदावतात. चाटी गल्लीतील कापड दुकानांत गिऱ्हाईक मराठीत भाव विचारते, दुकानदार शेजाऱ्याशी कानडीत बोलतो आणि शहराच्या पूर्वभागातून आलेली विणकर कुटुंबे आपसांत तेलुगू बोलत लुगडी निरखत असतात. या सरमिसळीचे येथे कोणालाच नवल वाटत नाही.

खाण्याच्या बाबतीत मी शेंगा चटणीविषयी आग्रही आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट आणि मीठ एकत्र कुटताना दाण्यांचे तेल सुटते आणि चटणी ओलसर, किंचित चिकट होते. मिक्सरमधून काढलेल्या कोरड्या भुकटीला ती सर येत नाही. म्हणून दुकानात चटणी चिमटीत धरून पाहावी आणि मगच वजन करायला सांगावे. सोबत तीळ लावलेली कडक भाकरी घ्यावी. पाणी सुकेपर्यंत शेकलेली ही पातळ भाकरी बरेच दिवस टिकते, त्यामुळे प्रवासात आणि कामावर ती फार सोयीची ठरते. दह्यात चुरून, वर चटणी घालून खाल्ली, तर जेवणात आणखी काही लागत नाही. जेवणावळीत बसायचे असल्यास ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगदाण्याच्या कुटाची दाट आमटी मागावी. शेंगापोळी शेवटी घ्यावी.

चादरीची खरेदी घाईने करू नये. जकार्ड मागावर विणलेल्या सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. छापील नक्कल उलटून पाहिली की लगेच उघडी पडते. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले असल्यामुळे माल सोलापूरचाच आहे का, हे दुकानदाराला निःसंकोच विचारावे. संक्रांतीच्या सुमारास येणार असाल, तर सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीमुळे पेठांतील रस्ते गर्दीने भरून जातात. म्हणून ही खरेदी आदल्या दिवशीच उरकावी आणि यात्रेचा दिवस केवळ गड्ड्यासाठी, म्हणजे तिथे भरणाऱ्या जत्रेसाठी, मोकळा ठेवावा.