ट्रॅक्शन बार दोनदा बनवला

माझी 2001 ची डॉज रॅम 2500 पिकअप आहे, 5.9 लिटर कमिन्स डिझेल, सहा गिअरची. ऑस्टिनजवळ लेक ट्रॅव्हिसमधून बोट बाहेर काढून ओल्या रॅम्पवर चढायला लागलं की मागची चाकं थडाथड उडायची. मुलगी ट्रेलरशेजारी उभी असायची आणि तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा यायचा.

या गाडीला मागे कमानपाटे आहेत. चाकाला जोर लागला की ॲक्सल उलट्या दिशेने पिळतो, डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) नाक वर उठतं आणि पाट्याला दुहेरी बाक येतो. टायर सुटला की पाटा झटक्यात सरळ होतो. पुन्हा पकड, पुन्हा पीळ. ॲक्सलचा तळ पुढे सरकू नये म्हणून तिथून चासीपर्यंत एक पाइप लावायचा, हाच ट्रॅक्शन बार.

जोर घेताना हा पाइप दाबला जातो, म्हणून तो वाकेल का हीच मला पहिली काळजी. इंजिनचा टॉर्क 505 फूट-पाउंड. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 5.63 आणि ॲक्सलचं 3.54 धरलं तर चाकाशी टॉर्क दहा हजारांवर जातो. पण तेवढा जोर यायच्या आधी टायरच घसरतो. मागच्या चाकांवर 5,000 पाउंड भार आणि चांगली पकड धरली तरी सहा हजार फूट-पाउंडांच्या आसपासच. माझ्या मापांनी एका बारवर साधारण 4,500 पाउंड दाब आला. पावणेदोन इंच व्यासाची, 0.120 इंच जाडीची नळी चार फूट लांब असली तरी 25,000 पाउंडांपर्यंत वाकत नाही. तरी रस्त्यावरच्या दगडांचा मार लक्षात घेऊन मी पाव इंच जाडीची घेतली. नळी घेताना एक सांभाळा: पाण्याच्या पाइपचं माप नावापुरतं असतं, दीड इंची पाइप बाहेरून 1.9 इंच भरतो. कॅलिपर लावूनच घ्या.

जाडीवर आठवडा घालवला आणि लांबीचा विचार दहा मिनिटांत उरकला. 26 इंचांचे बार केले, पुढचं टोक चासीला नऊ इंच वर. पहिल्याच स्पीड ब्रेकरवर मागून 'ठण्ण' आवाज आला आणि गाडी दगडासारखी कडक झाली. कोल्हापूरला दादाचं ट्रकचं गॅरेज आहे, त्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "अरे, माप घेताना गाडी चाकावर होती का घोडीवर?" घोडीवर होती, ॲक्सल लोंबकळत. "मग ते माप कशाचं घेतलंस? आणि बार एवढा तिरका कशाला?"

रात्री कागदावर काढून पाहिलं. ॲक्सल चार इंच वर आला की 26 इंची तिरका बार त्याचा तळ 1.1 इंच मागे ढकलतो. तोच बार 54 इंचांचा केला तर अर्धा इंच. पाटाही दबताना लांबतो आणि ॲक्सल थोडा मागे जातोच, म्हणून तेवढं खपतं. मी जुने ब्रॅकेट कापून काढले.

दुसऱ्यांदा गाडी चाकांवर उभी करून, टाकी भरून, ट्रेलर जोडून माप घेतलं. दोन्ही टोकांना हाइम जॉइंट (आट्यांचा, गोळ्यावर सगळीकडे फिरणारा सांधा), एकीकडे उलटे आटे, म्हणजे बार नुसता फिरवून लांबी जुळवता येते. ॲक्सलला वेल्डिंग मारताना बॅटरी काढली, अर्थचा चिमटा ब्रॅकेटच्या अगदी शेजारी लावला, कारण करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं. एकेक इंचाचा टाका, मग दुसऱ्या बाजूला, मध्ये हात टेकवता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. सलग मारलं असतं तर ॲक्सलची नळी वाकडी झाली असती. चासीला मात्र वेल्डिंग नाही, बोल्टच.

पुढच्या शनिवारी त्याच रॅम्पवर पहिल्या गिअरमध्ये बोट ओढली. टायर थोडा घसरला, पकडला, गाडी सरळ वर आली. शंभर मैलांनंतर चारही लॉकनट तपासले. उजवीकडचा पुढचा पाव फेरा बसला, तो घट्ट करून रंगाची रेघ मारून ठेवली आहे.